संस्थेच्या मॅडम घटस्फोट देत नाहीत

सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळता वळता एक वाक्य हमखास कानावर येतं, ‘संस्थेच्या मॅडमकडं गेलीस की घटस्फोटच बघ!’

साफ चूक. घटस्फोट न्यायालय देतं. छळ झालेल्या बायकांना मदत करणाऱ्या संस्थेची अध्यक्ष असो की संचालिका, तिला तो अधिकारच नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली नोंदणी झालेली संस्था, बाईची इच्छा असेल तरच, घटनेचा अहवाल लिहून दंडाधिकारी आणि संरक्षण अधिकाऱ्याकडे (या कायद्यासाठी सरकारनं नेमलेला अधिकारी) पाठवते. वैद्यकीय तपासणी करवते, निवाऱ्याची सोय बघते. उलट याच कायद्याचं कलम १७ बाईला सासरच्या राहत्या घरात राहायचा हक्क देतं, घर तिच्या नावावर नसलं तरी. (हे सासूबाईंनाही वाचून दाखवा.) फोन करायचाच तर महिला हेल्पलाइन १८१.