स्क्वॉटमध्ये खाली जायचं तरी किती?

जिममध्ये नवीन पोरगा खांद्यावर बार घेऊन स्क्वॉट करायला, म्हणजे गुडघे वाकवून खाली बसून परत उठायला लागला की कोणीतरी ओरडतंच, अरे गुडघ्याच्या नव्वद अंशांच्या खाली नको जाऊस, गुडघे जातील. मलाही हेच शिकवलं होतं आणि मी बरीच वर्षं मांडी जमिनीला समांतर व्हायच्या आधीच वर यायचो. नंतर याबद्दल वाचायला लागलो तेव्हा कळलं की ही भीती फार जुनी आहे आणि तिचा पाया कच्चा आहे.

1961 मध्ये अमेरिकेत टेक्सास विद्यापीठातल्या कार्ल क्लाइन यांनी वेटलिफ्टर्सचे गुडघे तपासले आणि सांगितलं की पूर्ण खाली बसल्याने गुडघ्याचे लिगामेंट, म्हणजे हाडांना हाडं बांधून ठेवणारे पट्टे, सैल पडतात. ते सगळीकडे पसरलं. पुढे इतरांनी नीट मोजून बघितलं तर तसं काही सापडलं नाही, पण तोपर्यंत ते ट्रेनर लोकांच्या तोंडात पक्कं बसलं होतं ते आजपर्यंत.

आता गुडघ्याच्या आत काय होतं ते बघू, कारण खरी गंमत तिथे आहे. खाली जाताना गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते आणि हा दाब साधारण नव्वद अंशांच्या आसपास सगळ्यात जास्त असतो. त्याच्याही खाली गेलं की मांडीच्या पुढच्या स्नायूचा जाड टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) हाडाच्या खोबणीत टेकतो, म्हणजे भार एकट्या वाटीवर न राहता वाटला जातो, शिवाय मांडीची मागची बाजू पोटरीवर टेकते त्याचाही थोडा आधार मिळतो. आणि अर्ध्यावर थांबणारा माणूस काय करतो, तर वजन जास्त उचलता येतं म्हणून प्लेटा वाढवत जातो, म्हणजे गुडघ्याला वाचवायचं म्हणून जिथे थांबलो नेमका तिथेच सगळ्यात जास्त भार!

स्नायूंचं काय? 2019 मध्ये जपानमध्ये 17 पुरुषांवर 10 आठवडे प्रयोग झाला, काही जण गुडघा नव्वद अंशांपर्यंत वाकवायचे, बाकीचे 140 अंशांपर्यंत, म्हणजे पार खाली (पाय सरळ असताना शून्य धरून). मांडीचा पुढचा भाग दोघांचाही जवळपास सारखाच वाढला, पण नितंबाचा मोठा स्नायू खोल जाणाऱ्यांचा 6.7 टक्के वाढला आणि अर्ध्यावर थांबणाऱ्यांचा फक्त 2.2. मांडीच्या आतल्या बाजूच्या स्नायूंचंही तसंच. त्यामुळे फक्त पुढची मांडी बनवायची असेल तर अर्ध्यानेही चालतं, हे मी प्रामाणिकपणे सांगतो.

मग सगळ्यांनी बुड जमिनीला लावायचं का, तर नाही. खुब्याच्या सांध्याची खोबण प्रत्येकाची वेगळी असते, कोणाची खोल, कोणाची उथळ, कोणाची पुढे वळलेली, आणि हाडाला हाड अडलं की कितीही स्ट्रेचिंग करा, पुढे जागाच नाही. घोट्याचंही तसंच. आपल्याकडे लहानपणापासून उकिडवं बसायची सवय असलेली माणसं टाचा टेकवून आरामात खाली बसतात, खुर्ची आणि कमोडवर वाढलेल्यांच्या टाचा लगेच उचलतात. तालमीत बैठका मारतात ते तर चवड्यावर जाऊन पार खाली बसतात, पण तिथे खांद्यावर शंभर किलो नसतं हेही लक्षात ठेवायला हवं.

माझ्या मते बघायचं ते गुडघ्याकडे नाही, कमरेकडे. खाली जाता जाता एका जागी बुड आत वळतं आणि कंबर गोल होते, जिमवाले याला बट विंक म्हणतात. थोडंसं वळणं चालतं, पण जड वजनाखाली कंबर स्पष्ट गोल होत असेल तर तुम्ही जायची खोली त्या जागेच्या थोडी वरच संपली. मोबाइल उभा ठेवून बाजूने स्वतःचा व्हिडिओ काढा, रिकाम्या बारने काढा, मग वजन टाकून काढा, दोन्हीत फरक दिसेल. टाचा उचलत असतील तर टाचेखाली अडीच किलोच्या प्लेटा ठेवून बघा, बऱ्याच जणांना तेवढ्यानेच तीन-चार बोटं जास्त खाली जाता येतं. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत उतरायचं असेल तर मात्र पर्याय नाही, तिथे खुब्याजवळ मांडीची वरची बाजू गुडघ्याच्या वरच्या टोकाखाली गेलीच पाहिजे, नाहीतर लिफ्ट धरत नाहीत.

आणि इतकी वर्षं अर्ध्यावर करत असाल तर उद्याच तेच वजन घेऊन खाली बसू नका, वजन अर्धं करा, तळाला एक सेकंद थांबा आणि तिथून हळूहळू वाढवा.