ठगी : तपास, कबुलीजबाब आणि कादंबरी

ठगी : वाटसरूंच्या विश्वासात शिरून, त्यांच्यासोबत काही मजला चालून, सोयीच्या जागी त्यांचा गळा आवळायचा, प्रेते पुरायची आणि माल वाटून घ्यायचा, अशी संघटित गुन्हेगारीची पद्धत. मराठीतले ‘ठक’ आणि ‘ठकवणे’ हे शब्द ‘ठग’ याच कुळातले आहेत, मात्र त्यांत खुनाचा अर्थ नाही. दक्षिणेत अशा टोळ्यांना फासावरून ‘फांसीगर’ म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ईस्ट इंडिया कंपनीने ठगांविरुद्ध जी मोहीम चालवली, तिच्यातून हिंदुस्थानातील गुन्हे-तपासाची एक नवी रीत घडली आणि त्याच तपासाच्या साहित्यावर 1839 साली ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही इंग्रजी कादंबरीही उभी राहिली.

टोळीतली कामे ठरलेली असत. जमादार म्होरक्या, ‘सोथा’ वाटसरूंना गोड बोलून सोबतीला आणणारा, ‘भुरटोट’ रुमालाने गळा आवळणारा आणि ‘लुघा’ खड्डा खणणारा. खुनाच्या जागेला ‘बेल’ म्हणत, तर सावजाला ‘बनिज’, म्हणजे व्यापाराचा माल. ‘झिरनी’ म्हणजे इशारा. तो तंबाखू आणायला सांगण्याइतक्या साध्या वाक्यातून दिला जाई. रामासी नावाची ही सांकेतिक बोली चारचौघांत बोलली तरी ऐकणाऱ्याला संशय येत नसे.

हा गुन्हा इतकी वर्षे उघडकीस का आला नाही, याचे उत्तर त्या काळच्या प्रवासात आहे. माणूस महिनोन्‌महिने घराबाहेर असे, त्यामुळे तो कोणत्या मुक्कामावर नाहीसा झाला हे घरच्यांना कळायला मार्ग नव्हता. प्रेत सापडत नसे आणि फिर्याद द्यायला सोबत्यांपैकी कोणी मागे उरत नसे. त्यात एका संस्थानात खून करून दुसऱ्याच्या हद्दीत गेले की पाठलाग थांबे. रजेवर गावी निघालेले कंपनीचे शिपाई बचतीची रोकड जवळ बाळगत आणि वाटेतच बेपत्ता होत, म्हणून 1810 साली त्यांना सावधगिरीचा लेखी हुकूमही काढावा लागला होता.

तपासाचा मुख्य सूत्रधार विल्यम हेन्री स्लीमन (1788–1856) हा 1822 ते 1824 या काळात नर्मदाकाठच्या नरसिंहपूर जिल्ह्याचा कारभार पाहत होता. आपल्या कचेरीपासून अवघ्या चारशे यार्डांवरच्या कंदेली गावात ठगांची टोळी राहत होती, हे आपल्याला तेव्हा ठाऊकच नव्हते, असे त्याने पुढे स्वतः लिहून ठेवले. हा कबुलीजबाब मला महत्त्वाचा वाटतो, कारण जिल्ह्यातील बारीकसारीक चोरीही आपल्यापासून लपत नाही, असा त्याचा समज होता.

1830 च्या सुमारास फिरंगिया हा नामांकित जमादार हाती लागला आणि जिवाच्या बोलीवर माफीचा साक्षीदार झाला. सलोहदा येथील आमराईत स्लीमनचा तळ असताना फिरंगियाने तिथे पुरलेल्या प्रेतांच्या जागा दाखवल्या. एक पंडित आणि त्याचे सहा सोबती तंबूच्या दोरांमध्ये, एक हवालदार आणि चार शिपाई घोडे बांधले होते तिथे, आणि गंगेच्या कावडी वाहणारे चार ब्राह्मण व एक स्त्री खुद्द शयनाच्या तंबूखाली. वर हिरवळ वाढलेली होती. खणल्यावर सांगाडे निघाले.

पुढची पद्धत यातूनच पक्की झाली. साक्षीदारांना वेगवेगळे ठेवून जबान्या घ्यायच्या, त्या एकमेकींशी ताडायच्या, सांगितलेल्या जागी खणून पाहायचे, टोळ्यांच्या वंशावळी आणि खुनांच्या जागांचे नकाशे तयार करायचे. स्लीमनने रामासीचा शब्दसंग्रह 1836 साली कलकत्त्यात प्रसिद्ध केला. त्याच वर्षीच्या 30 व्या अधिनियमाने मात्र ही काटेकोर घडी सैल केली : एखादा विशिष्ट खून सिद्ध न होता, केवळ ठगांच्या टोळीत असल्याबद्दलही जन्मठेप आणि सक्तमजुरी देता येऊ लागली. 1831 ते 1837 या काळात 3,266 ठगांची प्रकरणे निकाली निघाली. त्यांपैकी 412 जणांना फाशी झाली आणि 483 जण माफीचे साक्षीदार झाले. जबलपूरला या साक्षीदारांसाठी उद्योगशाळा निघाली आणि तिथे ते तंबू व गालिचे विणू लागले.

या पुराव्याचे मोल कसे करावे, यावर इतिहासकारांत खरा मतभेद आहे. आपला जीव वाचवण्यासाठी बोलणारा माणूस साहेबाला हवे तेच सांगणार, ही शंका रास्त आहे. पण सांगाडे कोणी कल्पनेतून काढलेले नाहीत, हेही तितकेच खरे. धर्म, कालीची भक्ती आणि पिढीजात धंदा यांवर इंग्रजांनी दिलेला जोर अतिरेकी होता आणि दुष्काळ, बेकारी व स्थानिक जमीनदारांचा आश्रय ही कारणे त्यामुळे झाकली गेली, असे म्हणायला भरपूर आधार आहे. आकड्यांचेही तसेच. बहराम या ठगाच्या नावावर 931 खून सांगितले जातात, परंतु स्वतःच्या हाताने सुमारे 125 गळे आवळले असतील, इतकेच त्याच्या जबानीत आहे. ‘जन्मजात गुन्हेगार’ ही कल्पना या मोहिमेत रुजली आणि 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात पक्की झाली. तिचा जाच महाराष्ट्रातील अनेक जमातींनी सोलापूरसारख्या ठिकाणच्या तारेचे कुंपण घातलेल्या वसाहतींत 1952 पर्यंत सोसला. ठगी व डकैती विभाग 1904 साली बंद होऊन त्याच्या जागी केंद्रीय गुन्हे-गुप्तवार्ता विभाग आला.

‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी फिलिप मेडोज टेलर (1808–1876) याची. तो निजामाच्या चाकरीत होता आणि पुढे 1850 च्या दशकात नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार त्याच्याकडे होता. तरुणपणी ठगांचा माग त्याला लागू पाहत होता, पण पलटणीत परत बोलावल्याने तो शोध राहून गेला. ही खंत त्याच्या आत्मचरित्रात आहे. नंतर हैदराबादेत माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या त्याने स्वतः ऐकल्या. कादंबरीचा निवेदक अमीर अली हा तुरुंगातून साहेबाला आपली कहाणी सांगतो आणि 719 खुनांची कबुली देतो. लहानपणी ज्या ठगाने त्याचे आईबाप मारले त्यानेच त्याला मुलगा म्हणून वाढवलेले असते. पुढे एका स्त्रीचा खून झाल्यावर तिच्या गळ्यातले जुने नाणे अमीर अली काढून घेतो, आणि ती आपली सख्खी बहीण होती हे त्याला फार उशिरा उमगते.

एरवीच्या रहस्यकथेत शोध घेणारा बोलतो आणि गुन्हेगार लपतो. इथे साहेब बहुतेक वेळ गप्प बसून ऐकतो, आणि बहिणीच्या नाण्यापर्यंतचा सगळा उलगडा गुन्हेगाराच्याच तोंडून, त्याला आठवेल त्या क्रमाने होतो.