सागरी महामार्ग म्हणजे मुंबई-गोवा महामार्ग नव्हे

दिवाळी झाली की आपल्या विदर्भातून, कारंजा, दारव्हा, पुसदकडून मला फोन सुरू होतात. ट्रॅव्हलरची कॅरव्हॅन, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, भाड्याने ठरलेली असते आणि बोलणे ठरलेले: "भाऊ, समृद्धीने जातो, मग सागरी महामार्गाने समुद्राच्या काठाकाठाने गोव्यापर्यंत." कोणकोणती गावे लागतात विचारले, की महाड, चिपळूण, कणकवली. राजेहो, हा सागरी महामार्ग नाही! हा मुंबई-गोवा महामार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६६, जुना १७. महाराष्ट्रात त्यावरून समुद्राचे दर्शनच होत नाही. चिपळूणहून गुहागरचा किनारा गाठायला ४५ किलोमीटर वेगळे जावे लागते. तरी घरी येऊन लोक सांगतात, "काठाकाठाने गेलो." हे ऐकले की मला राहवत नाही.

महामार्गाबद्दल जास्त सांगत नाही. घाट आहेत, ट्रक आहेत, ढाबे आहेत. समृद्धीवर गाडी चालवणाऱ्याला वेग कमी करायची सवय लावली की झाले. गाडीला कॅरव्हॅन म्हणा की मोटरहोम, त्यानेही फरक पडत नाही. फक्त "व्हॅनिटी" म्हणू नका, ती शूटिंगवाल्यांची.

सागरी मार्ग म्हणजे रेवस ते रेडी. मुरूड, श्रीवर्धन, दाभोळ, गुहागर, गणपतीपुळे, मालवण, वेंगुर्ला. लोकांना वाटते फरक रुंदीचा आहे. अरुंद आहेच, पण खरा फरक खाडीचा. सह्याद्रीतून निघालेल्या त्याच नद्या दोन्ही रस्ते ओलांडतात. महामार्ग सावित्री महाडला ओलांडतो, वाशिष्ठी चिपळूणला, शास्त्री संगमेश्वरला, आणि तिथे पूल आहेत. सागरी मार्गाला त्याच नद्या मुखापाशी भेटतात: बाणकोटची खाडी, दाभोळची, जयगडची. पात्र इतके रुंद की गाडी फेरीबोटीत चढवावी लागते. तिकडे तिला जंगलजेट्टी म्हणतात. आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ. दाभोळची बोट हुकली तर खेड-चिपळूणवरून शंभराहून जास्त किलोमीटरचा वळसा.

आपल्याकडे नाल्याला पूर आला की माणूस काठावर थांबतो, ओसरला की निघतो. खाडीचे पाणी पावसाविना दिवसातून दोनदा चढते, दोनदा उतरते, आणि रोज पाऊण तास उशिरा. ओहोटीला जेट्टीचा उतार लांबवर उघडा पडतो, ओला आणि शेवाळलेला. गाडी चढवायची बोटीची फळी आणि उतार यांच्यात तीव्र कोन होतो. लहान कार निघून जाते. कॅरव्हॅनचे मागच्या चाकाच्या मागे आलेले धूड मात्र खाली टेकते. एकदा माझ्या गाडीचा सांडपाण्याचा पाइप असाच तुटला. आधी कर्रर्र आवाज आला, मग बेसिनचे साबणाचे पाणी फळीवरून वाहत गेले. मागच्या रांगेतल्या माणसांनी खाली उतरून लाकडाचे ठोकळे चाकाखाली दिले, तेव्हा गाडी वर चढली.

वेळ काढायला ॲप लागत नाही. आपल्या स्वयंपाकघरात टांगलेले कॅलेंडर पुरते, आणि तिथी तर आपल्याला पाठ असते. तिथीचा आकडा पाऊणपट करा, भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६: सकाळी आणि संध्याकाळी ६ च्या सुमारास भरती, दुपारी १२ ला ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला भरती ११-१२ च्या आसपास, ओहोटी संध्याकाळी ५-६ ला. शिवाय हे उधाणाचे दिवस, त्यामुळे पाणी चढते जास्त तसे उतरतेही खोल. चांदण्यातला समुद्र पाहायचा म्हणून आपली मंडळी नेमकी पौर्णिमा धरतात आणि दिवसभर रमतगमत संध्याकाळी साडेपाचला जेट्टीवर पोहोचतात. लांब गाडीसाठी याहून वाईट वेळ नाही.

हीच तिथी वाळूवरही लागू आहे. ओहोटीची ओली वाळू डांबरासारखी कडक लागते, म्हणून लोक गाडी खाली उतरवून मुक्काम टाकतात, आणि सहा तासांत चाके पाण्यात असतात. वेळाससारख्या किनाऱ्यावर कासवे अंडी घालतात, तिथे तर चाक नेऊच नये. गावातल्या कुणाच्या तरी अंगणात, वाडीत विचारून गाडी लावा. लोक विहिरीचे पाणीही देतात.

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी उत्तरेकडचा सागरी मार्ग सांगतच नाही. महामार्गाने हातखंब्यापर्यंत या, रत्नागिरीला उतरा आणि तिथून पावस, जैतापूर, देवगड, मालवण असे वेंगुर्ल्यापर्यंत काठाने जा. या टप्प्यात खाड्यांवर पूल आहेत. फेरीबोटीचे चारही टप्पे दुसऱ्या खेपेला ठेवा, आणि घरून निघण्याआधी मागच्या चाकापासून गाडीच्या शेपटापर्यंत किती फूट भरतात ते टेपने मोजून घ्या.