टायगर बे

टायगर बे : वेल्सची राजधानी कार्डिफ येथील जुनी गोदीवस्ती. तिचे अधिकृत नाव ब्यूटटाउन असून ते येथील जमीनदार ब्यूट घराण्यावरून पडले आहे. एका अंगाला रेल्वेचा दगडी भराव, दुसऱ्या अंगाला ग्लॅमॉर्गनशर कालवा आणि दक्षिणेला गोद्या अशी तिची रचना होती. उरलेल्या शहरापासून ती तुटून राहिली आणि या वेगळेपणातूनच तिची स्वतंत्र संस्कृती घडली.

ब्यूटच्या दुसऱ्या मार्क्विसने (मार्क्विस हा ब्रिटिश उमरावांचा एक किताब) बांधलेली पहिली गोदी १८३९ मध्ये सुरू झाली. दक्षिण वेल्सच्या खोऱ्यांतील कोळसा कालव्याने आणि १८४१ पासून टॅफ व्हेल रेल्वेने येथे येऊ लागला. १९१३ मध्ये कार्डिफच्या गोद्यांतून एक कोटी टनांहून अधिक कोळसा परदेशी गेला. तो वाहणाऱ्या आगबोटींच्या भट्ट्यांपुढे राबण्यासाठी माणसे लागत. येमेनी, सोमाली, केप व्हर्दी व वेस्ट इंडिज बेटांवरचे, माल्टाचे आणि भारतीय उपखंडातील खलाशी एका सफरीवरून परतल्यावर दुसरी मिळेपर्यंत आपल्याच देशबांधवांनी चालवलेल्या खानावळींत मुक्काम करीत. त्यांतील अनेकांनी स्थानिक स्त्रियांशी लग्ने केली आणि वस्ती कायमची झाली.

बाहेरच्यांनी टायगर बेची ओळख दारू, जुगार आणि मारामाऱ्या एवढीच करून दिली, हा तिच्यावरचा मोठा अन्याय आहे. येथे चर्च आणि मशीद हाकेच्या अंतरावर होती, ईदच्या मिरवणुका रस्त्यांतून निघत, आणि १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात पील स्ट्रीटवरील मशीद उद्ध्वस्त झाल्यावर ती पुन्हा उभारण्यात आली. केप व्हर्दी वंशाच्या डेनिझ बंधूंसारखे गिटारवादक येथूनच लंडनच्या जॅझविश्वात गेले. गायिका शर्ली बॅसी यांचा जन्मही १९३७ मध्ये येथेच झाला.

मात्र या सहजीवनाला बाहेरून सतत धक्के बसले. पहिल्या महायुद्धानंतर नोकऱ्या आणि घरे यांची टंचाई होताच जून १९१९ मध्ये कृष्णवर्णीय व अरब रहिवाशांवर जमावाने हल्ले केले. शहरात तिघांचा मृत्यू झाला. १९२५ च्या सरकारी आदेशाने, कागदोपत्री पुरावा नसलेल्या कृष्णवर्णीय खलाशांना, ते ब्रिटिश प्रजाजन असले तरी, परकीय म्हणून पोलिसांत नोंदणी करणे भाग पडले. सोमाली खलाशी महमूद मत्तान यांना खुनाच्या आरोपावरून १९५२ मध्ये फाशी झाली. त्यांना दोषी ठरवणारा निकाल १९९८ मध्ये रद्द झाला, म्हणजे न्याय मिळायला शेहेचाळीस वर्षे गेली.

कोळशाचा व्यापार ओसरल्यावर १९६० च्या दशकात लाउडन स्क्वेअर व आसपासची जुनी घरे पाडून तेथे उंच इमारती बांधण्यात आल्या. शेजार मोडला तो तेव्हा. पुढे १९८७ मध्ये स्थापन झालेल्या विकास महामंडळाने खाडीच्या मुखावर बांध घालून गोड्या पाण्याचे सरोवर केले आणि किनाऱ्याचे रूप पालटले. १८९७ ची पियरहेड ही गोदी-कार्यालयाची इमारत टिकली; नॉर्वेजियन खलाशांचे लाकडी चर्च तर सुटे करून जवळच पुन्हा जोडण्यात आले. हीच काळजी रहिवाशांच्या घरांच्या वाट्याला आली नाही.

वस्तीच्या माणसांची सार्वजनिक दखल अलीकडे घेतली जात आहे. वेल्समधील पहिल्या कृष्णवर्णीय मुख्याध्यापिका बेटी कॅम्पबेल यांनी ब्यूटटाउनच्याच माउंट स्टुअर्ट शाळेत मुलांना गुलामगिरीचा आणि कृष्णवर्णीयांचा इतिहास शिकवला. त्यांचा पुतळा २०२१ मध्ये शहराच्या मध्यवर्ती चौकात उभारण्यात आला. येथेच जन्मलेले आणि इंग्लंडमधील विगन संघाकडून रग्बी लीग गाजवलेले बिली बॉस्टन यांचा पुतळा, अन्य दोन खेळाडूंसह, २०२३ पासून खाडीकिनारी आहे.