इमेजिंग आणि नॅनोमेडिसिनमधील संशोधकांसाठी आयट्रिपलई फेलो नामांकन : पात्रता, कागदपत्रे आणि अडणाऱ्या जागा

एमआरआय, सीटी, अल्ट्रासाउंड, पेट यांसारख्या इमेजिंग तंत्रांवर किंवा औषध नेमके गाठीपर्यंत पोहोचवणाऱ्या नॅनोकणांवर दीर्घकाळ मोलाचे काम केलेल्या संशोधकांना जे व्यावसायिक सन्मान मिळतात, त्यांत आयट्रिपलई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेच्या ‘फेलो’ श्रेणीचे स्थान फार वरचे आहे. 1884 आणि 1912 साली स्थापन झालेल्या दोन अमेरिकी संस्था 1963 मध्ये एकत्र येऊन आयट्रिपलई उभी राहिली. एका वर्षात किती नवे फेलो करायचे यावर मतदानाचा हक्क असलेल्या सदस्यांच्या 0.1 टक्के एवढी मर्यादा आहे. या सन्मानासोबत विद्यावेतन किंवा संशोधन निधी मिळत नाही. स्पर्धा इतकी कठीण असताना पात्र माणसे मागे राहणे समजू शकते. परंतु ज्यांच्या कामाविषयी कोणाला शंका नाही, अशांची नामांकने सदस्यत्वाच्या नोंदीवर किंवा एका कमी पडलेल्या पत्रावर अडलेली पाहणे क्लेशदायक असते. म्हणून या लेखात नेहमीच्या पायऱ्या थोडक्यात सांगून अडणाऱ्या जागांवरच अधिक लिहिले आहे.

सर्वांत मोठी अडचण सदस्यत्वाची आहे. नामांकन दाखल होताना उमेदवार आयट्रिपलईचा सीनिअर मेंबर किंवा लाइफ सीनिअर मेंबर असावा लागतो आणि ज्या वर्षी फेलो श्रेणी लागू होईल, त्या वर्षाच्या 1 जानेवारीपूर्वी त्याच्या सदस्यत्वाची पाच वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. अभियंत्यांना याचे काही वाटत नाही, कारण बहुतेक जण महाविद्यालयापासून सदस्य असतात. पण इमेजिंगमध्ये रेडिओलॉजिस्ट आहेत आणि नॅनोमेडिसिनमध्ये रसायनशास्त्रज्ञ, औषधनिर्माणशास्त्रज्ञ व कर्करोगतज्ज्ञ आहेत. त्यांचे सारे आयुष्य आपापल्या विषयाच्या संघटनांत गेलेले असते. यांपैकी काही जण संस्थेच्या इंजिनिअरिंग इन मेडिसिन अँड बायोलॉजी सोसायटीचे (संस्थेच्या विषयवार शाखेचे) अफिलिएट, म्हणजे पूर्ण सदस्य नसलेले संलग्न सभासद, असतात, वर्षानुवर्षे वर्गणी भरतात, परिषदांना जातात आणि स्वतःला आयट्रिपलईचे सदस्यच समजतात. सोसायटीच्या अफिलिएट म्हणून काढलेली वर्षे या पाच वर्षांत धरली जात नाहीत. हा नियम संकेतस्थळावर लिहिलेला आहे हे खरे, पण तो वर्गणी स्वीकारतानाच ठळकपणे सांगायला हवा. नामांकनाच्या वेळी तो कळून काहीच उपयोग होत नाही. म्हणून इतर कोणतीही तयारी करण्याआधी आपल्या खात्यात लॉग-इन करून श्रेणी कोणती आहे आणि कोणत्या वर्षांची वर्गणी भरलेली आहे, हे उमेदवाराने स्वतः तपासावे. ज्या वर्षी वर्गणी भरली नाही, ते वर्ष मोजता येत नाही.

याच नियमाचा उलट अर्थ लावल्यामुळे एक वर्ष विनाकारण वायाही जाते. पाच वर्षे नामांकनाच्या तारखेपर्यंत नव्हे, तर श्रेणी लागू होण्याच्या 1 जानेवारीपर्यंत पूर्ण व्हायची असतात. समजा, एखादी संशोधिका जानेवारी 2026 मध्ये पूर्ण सदस्य झाली, तर 2031 साली लागू होणाऱ्या श्रेणीसाठी तिचे नामांकन 2030 च्या सुरुवातीलाच देता येते. मात्र तोपर्यंत तिने सीनिअर मेंबर होणे आवश्यक आहे. ज्या डॉक्टरांना इतकी वर्षे थांबणे मान्य नाही, त्यांनी केंद्र सरकारच्या राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांचा विचार करावा. त्यांत वैद्यक हे स्वतंत्र क्षेत्र आहे, 45 वर्षांपर्यंतच्या संशोधकांसाठी ‘विज्ञान युवा–शांतिस्वरूप भटनागर’ हा वेगळा विभाग आहे आणि नामांकने राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर घेतली जातात.

सीनिअर मेंबर होणे तुलनेने सोपे आहे. त्यासाठी दहा वर्षांचा व्यावसायिक अनुभव लागतो आणि त्यांपैकी किमान पाच वर्षे उल्लेखनीय कामाची असावी लागतात. पीएचडी झालेल्यांना शिक्षणापोटी पाच वर्षांची सूट मिळते. परिचयपत्रासोबत सीनिअर मेंबर किंवा फेलो असलेल्या तिघांचे संदर्भ द्यावे लागतात, अर्जाला वेगळे शुल्क नसते आणि छाननी समितीच्या बैठका वर्षातून अनेकदा होतात. संदर्भ देणारे ओळखीत नसतील, तर आपल्या भागातील सेक्शनला, म्हणजे संस्थेच्या स्थानिक शाखेला, लिहावे. मुंबई आणि पुणे येथे स्वतंत्र सेक्शन आहेत. ही पायरी फेलो नामांकनाच्या तोंडावर उरकण्याचा प्रयत्न मात्र करू नये, कारण समितीची बैठक आपल्या सोयीने होत नाही.

फेलो श्रेणीसाठी स्वतःचे नाव स्वतः देता येत नाही. नामांकन करणारी व्यक्ती आयट्रिपलईची सदस्य असलीच पाहिजे असे नाही, त्यामुळे संस्थेचे संचालक, विभागप्रमुख किंवा बाहेरचा सहकारी हे काम करू शकतो. मात्र संचालक मंडळाचे सदस्य, फेलो समितीचे व मूल्यमापन समित्यांचे सदस्य आणि संस्थेचे कर्मचारी यांना तशी मुभा नाही. खरी कसोटी शिफारसपत्रांची असते. किमान तीन आणि जास्तीत जास्त पाच पत्रे लागतात आणि ती देणारे स्वतः फेलोच असावे लागतात. आपल्याकडील इमेजिंग संशोधकाचे काम ज्यांनी जवळून पाहिले आहे, ते अनेकदा रुग्णालयांतील वरिष्ठ डॉक्टर असतात. त्यांचे मत कितीही वजनदार असले, तरी ते फेलो नसतील तर त्यांचे पत्र शिफारसपत्र ठरत नाही. अशांसाठी पाठिंबापत्राची वेगळी सोय आहे. ही पत्रे ऐच्छिक असतात, तीनपर्यंत देता येतात आणि शिफारसपत्रांची उणीव भरून काढत नाहीत. फेलोंची यादी संस्थेच्या संकेतस्थळावर शोधता येते. तीवरून नावे ठरवताना नुसत्या प्रतिष्ठेकडे न पाहता ज्यांनी उमेदवाराची पद्धत स्वतः वापरली आहे किंवा तिच्यावर पुढचे काम उभारले आहे, अशांना विचारावे आणि त्या वर्षी ते कोणत्या मूल्यमापन समितीवर नाहीत ना, याचीही खात्री करून घ्यावी. तिघांकडूनच होकार घेऊन निर्धास्त राहू नये. एकाने ऐन वेळी पत्र पाठवले नाही तर सगळे नामांकन अपुरे राहते. ही पत्रे गोपनीय असतात, त्यामुळे ती उमेदवाराकडे मागण्याचा किंवा त्याने ती लिहून देण्याचा प्रश्नच येत नाही.

अर्जात मूल्यमापनासाठी एकच सोसायटी किंवा तांत्रिक परिषद (कौन्सिल) निवडायची असते. एमआरआय आणि नॅनोकण या दोन्हींच्या सीमेवर काम करणाऱ्याला ही निवड फार जड जाते आणि नामांकन करणारा बहुधा सवयीने वैद्यकीय अभियांत्रिकीच्या सोसायटीवर खूण करून मोकळा होतो. प्रतिमेची पुनर्रचना करणारे गणित हेच मुख्य योगदान असेल, तर सिग्नल प्रोसेसिंग सोसायटीतील परीक्षकांना ते अधिक नेमके कळू शकते. पेट डिटेक्टरवरील कामासाठी न्यूक्लिअर अँड प्लाझ्मा सायन्सेस सोसायटी आहे, अल्ट्रासाउंड ट्रान्सड्युसरसाठी अल्ट्रासॉनिक्स, फेरोइलेक्ट्रिक्स अँड फ्रिक्वेन्सी कंट्रोल सोसायटी आहे, तर कणांची रचना हाच गाभा असल्यास नॅनोटेक्नॉलॉजी कौन्सिलचा विचार करता येतो. आपले लेख कोणत्या नियतकालिकांत आले आणि आपल्या परिषदांना कोण येते, हे पाहिले की उत्तर बहुधा सापडते.

योगदानाच्या रकान्यात सर्वाधिक नुकसान होते. तेथे मोजकीच अक्षरे मिळतात, आणि ती ‘तीनशे लेख, पंचवीस पीएचडी विद्यार्थी, अनेक प्रकल्प’ अशा मजकुरात खर्ची पडतात. परीक्षकाला एवढेच हवे असते की या व्यक्तीने नेमके काय केले, तिच्याशिवाय ते झाले नसते असे का म्हणायचे आणि त्यामुळे पुढे काय बदलले. एमआरआयसाठी 2003 चे नोबेल पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना विभागून मिळाले, तरी दोघांचे काम वेगवेगळे सांगता येते: लॉटरबर यांनी चुंबकीय क्षेत्रात उतार निर्माण करून संकेत कोठून येतो हे ओळखण्याची वाट दाखवली, तर मॅन्सफिल्ड यांनी त्या संकेतांचे गणिती विश्लेषण आणि अतिवेगाने प्रतिमा घेण्याची पद्धत विकसित केली. नॅनोमेडिसिनमध्ये असे वेगळेपण दाखवणे अधिक कठीण जाते. डॉक्सिल या 1995 साली अमेरिकेत मंजूर झालेल्या पहिल्या नॅनोऔषधात डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरील औषध जुनेच होते. ते लिपोसोममध्ये, म्हणजे मेदाच्या अतिसूक्ष्म पिशवीत, दाटून भरण्याची युक्ती, त्यावरचे पॉलिइथिलीन ग्लायकॉलचे आवरण आणि रुग्णांवरील चाचण्या ही निरनिराळी कामे होती. आपला उमेदवार अशा साखळीतील कोणत्या कडीचा धनी आहे, हे नाव घेऊन लिहावे आणि मोठ्या गटाचे श्रेय एकट्याच्या पदरात टाकू नये, कारण शिफारसपत्रे लिहिणाऱ्यांना खरी वाटणी ठाऊक असते आणि विसंगती तेथेच उघडी पडते.

संशोधक, उपयोजक अभियंता, शिक्षक किंवा तांत्रिक नेतृत्व यांपैकी एक प्रवर्ग निवडायचा असतो. प्रयोगशाळेतील बहुतेकांसाठी पहिलाच योग्य ठरतो. पुराव्यादाखल दिलेला प्रत्येक लेख किंवा पेटंट लिहिलेल्या योगदानाशी थेट जोडलेले असावे. पद्धत किती रुग्णालयांत वापरली जाते किंवा कोणत्या यंत्रात घेतली गेली, याचा पडताळण्याजोगा उल्लेख उद्धरणांच्या आकड्यापेक्षा उपयोगी पडतो.

अंतिम तारीख पूर्वी 1 मार्च होती, ती अलीकडच्या वर्षांत फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आली आहे. तरीही जुन्या मार्गदर्शिका महाविद्यालयांतून फिरत राहतात आणि त्यांच्या भरवशावर माणसे फसतात. चालू वर्षाची तारीख संस्थेच्या संकेतस्थळावरच पाहावी. ती केवळ मुख्य अर्जाची नसून शिफारसपत्रांचीही असते, म्हणून पत्रे देणाऱ्यांना नोव्हेंबरमध्ये विचारून जानेवारीच्या मध्यापर्यंत पत्र दाखल करण्याची विनंती करावी. पत्र आले की नाही, हे नामांकन करणाऱ्याला अर्जाच्या प्रणालीत दिसते. तेथे अधूनमधून पाहून मागे राहिलेल्यांना नम्रपणे आठवण करावी.

सोसायटीचे मूल्यमापन, फेलो समितीची छाननी आणि संचालक मंडळाची मंजुरी असा प्रवास होऊन निकाल वर्षअखेरीस कळतो व श्रेणी पुढील 1 जानेवारीपासून लागू होते. निवड न झाल्यास नामांकन आपोआप पुढच्या वर्षात जात नाही. ते नव्याने दाखल करावे लागते. तसे करताना जुनाच मजकूर न चिकटवता सोसायटीची निवड आणि योगदानाचा परिच्छेद या दोन गोष्टी आधी तपासाव्यात, आणि ज्यांनी मागच्या वर्षी मन लावून पत्र लिहिले त्यांना निकाल कळवून पुन्हा विचारावे.