मागच्या ब्रेकचा जोर कुठे मुरतो?

गगनबावड्याचा घाट उतरताना मागे एक माणूस आणि थोडं सामान असलं, की जुन्या धाटणीच्या मोटरसायकलचा मागचा ब्रेक किती कामाचा आहे ते दोन-तीन वळणांतच कळतं. पेडल दबतं, पाय खालपर्यंत जातो आणि गाडी म्हणावी तशी आवरत नाही. यावर कोल्हापुरात दोन उत्तरं हमखास ऐकायला मिळतात. एक, 'ड्रम ब्रेक असाच असतो.' दुसरं, 'डिस्क टाकून घ्या.' मला दोन्ही पटत नाहीत. ड्रम चांगल्या अवस्थेत असेल तर कोरड्या रस्त्यावर मागचं चाक जाम करण्याइतकी ताकद त्याच्यात असते, आणि मागच्या ब्रेककडून त्याहून जास्त काही मिळवताही येत नाही.

याचं कारण टायरमध्ये आहे. 195 किलोची गाडी आणि 75 किलोचा चालक धरला, तर उभ्या गाडीत जवळपास निम्मा भार मागच्या चाकावर असतो. ब्रेक लागला की हा भार पुढे सरकतो, मागचं चाक हलकं होतं आणि त्याची रस्त्यावरची पकड कमी होते. फक्त मागचा ब्रेक वापरायचा ठरवला, तर ढोबळ हिशेबाने ताशी 40 किलोमीटर वेगातली गाडी थांबायला 20 मीटरच्या आसपास अंतर लागतं. दोन्ही ब्रेक नीट वापरले तर तेच काम 8-9 मीटरमध्ये होतं. हा आकडा ब्रेक लागल्यानंतरचा आहे, विचार करण्यात गेलेला वेळ त्यात धरलेला नाही. मागे डिस्क लावली तरी 20 मीटरचे 10 होणार नाहीत, कारण मर्यादा टायरची आहे. म्हणून आधी एक चाचणी घ्यावी. मोकळ्या, सरळ, कोरड्या रस्त्यावर ताशी 20 च्या वेगात फक्त मागचा ब्रेक जोरात दाबायचा. एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या किंवा ते फक्त पुढच्या चाकाला असलेल्या गाड्यांत मागचं चाक जाम व्हायला हवं. होत नसेल, तर पायाचा जोर लायनरपर्यंत, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या थरापर्यंत, पोचण्याआधीच कुठेतरी मुरतो आहे.

मुळात ही यंत्रणा मोठी हुशार आहे. लुई रेनॉने 1902 मध्ये रूढ केलेली कल्पनाच आजही चालते: फिरता ड्रम, आत लायनर चिकटवलेले दोन अर्धगोल शू, एका टोकाला खुंटी आणि दुसऱ्या टोकाला कॅम. कॅम फिरला की शू फाकतात आणि ड्रमला आतून भिडतात. यातल्या एका शूला घर्षणच ड्रमच्या अंगावर ओढतं, म्हणजे पायाच्या जोरात फिरत्या ड्रमच्या ओढीचीही भर पडते. दुसऱ्या शूला मात्र तेच घर्षण मागे ढकलतं. गाडी चढावर मागे घसरू लागली की दोघांची कामं उलटतात. जोतिबाच्या चढावर थांबलेली गाडी पायाच्या ब्रेकवर टिकते ती म्हणूनच. पण ही फुकटची मदत तेव्हाच मिळते, जेव्हा लायनर ड्रमला पूर्ण लांबीभर टेकतो.

आधी कोन बघा, कारण त्याला पैसे लागत नाहीत. पेडलपासून आलेला रॉड ब्रेकच्या आर्मला, म्हणजे कॅम फिरवणाऱ्या छोट्या दांडीला, जोडलेला असतो. पेडल पूर्ण दाबलेलं असताना रॉड आणि आर्म यांच्यात काटकोन किंवा त्याच्या जवळचा कोन हवा. लायनर झिजत जातो तसा आपण रॉडच्या टोकाचा नट आवळत राहतो. पेडल पुन्हा वर येतं आणि ब्रेक नीट झाला असं वाटतं. प्रत्यक्षात आर्म पुढे झुकत गेलेला असतो. कोन 120 अंशांवर गेला की काटकोनातल्या जोराच्या 87 टक्के जोर उरतो, 135 अंशांवर 71 टक्के. आर्म काढून स्प्लाइनचा (कॅमच्या दांड्यावरच्या खाचांचा) एक दात मागे बसवला की कोन सुधारतो. हा उपाय लायनर जाड असेल तरच करावा. झिजलेल्या लायनरवर आर्म मागे घेत राहिलं तर कॅम मर्यादेपलीकडे फिरून अडकू शकतो आणि चालत्या गाडीचं चाक जाम होऊ शकतं. लायनर साधारण 2 मिलिमीटरवर आला की शू बदलायचेच.

नवे शू टाकूनही ब्रेक लागत नाही, ही तक्रार तर कायमची. त्याचं कारण खडूने दिसतं. लायनरवर पांढरा खडू आडवा घासायचा, चाक बसवायचं, हलका ब्रेक धरून दोन-चार वेढे फिरवायचं आणि पुन्हा उघडायचं. जिथला खडू पुसला तेवढाच लायनर काम करतो आहे. बऱ्याचदा मधला दोन बोटांचा पट्टा पुसलेला असतो आणि दोन्ही टोकं पांढरीच राहिलेली असतात. म्हणजे लायनरची गोलाई ड्रमपेक्षा लहान आहे. उलट फक्त टोकं पुसली गेली असतील, तर गोलाई मोठी आहे आणि असा ब्रेक अचानक धरतो. महिनोन्महिने घासून शू आपोआप बसतील म्हणून वाट बघणारे खूप आहेत. तोवरचे सगळे घाट अर्ध्या ब्रेकवर उतरायचे, हे मला मान्य नाही.

यावर कोल्हापूरकराइतका नशीबवान माणूस नाही. शिवाजी उद्यमनगरात लेथ चालवणारा चांगला टर्नर सापडायला वेळ लागत नाही. ऑइल इंजिनांपासून इथल्या हातांना हजाराव्या भागात मोजायची सवय आहे. काम असं: शू ब्रेक प्लेटवरच (शू आणि कॅम ज्यावर बसतात त्या झाकणावरच) बसवायचे, कॅम आणि शू यांच्यामध्ये पातळ पत्रा घालून ते किंचित फाकवून ठेवायचे आणि प्लेट आसाच्या मध्यावर धरून लायनरचा माथा ड्रमच्या मापाला हलक्या हाताने टर्न करायचा. पत्रा काढला की शू ड्रममध्ये जातात आणि ब्रेक दाबल्यावर बरोबर त्याच गोलाईत भिडतात. पुन्हा खडू लावून बघा, टोकापासून टोकापर्यंत पुसला जातो.

आऱ्यांच्या चाकाची एक खास भानगड आहे. आरे ताणले की हब (चाकाचा मधला भाग, ज्याच्या आत ड्रम असतो) थोडा खेचला जातो आणि गोल ड्रम किंचित लंबगोल होतो. प्रत्येक फेऱ्यात पायाखाली पेडल धडधडतं ते यामुळे. ड्रम टर्न करायचा असेल तर आरे ताणून, चाक सरळ करून झाल्यावर, पूर्ण चाकच लेथवर धरून करायला हवा. सुटा हब टर्न करून मग आरे भरले तर मेहनत वाया जाते. अनेक हबवर जास्तीत जास्त व्यास कोरलेला असतो, त्यापुढे जायचं नाही. आतली कडी बिडाची असते. आपल्या फौंड्रीवाल्यांना हे बीड घरचंच आहे: त्यातल्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमुळे उष्णता लवकर पसरते आणि थरथर दबते.

चकचकीत झालेला लायनर एमरी पेपरने घासून खडबडीत करावा. ग्रीस किंवा चेनचं तेल लागलेला लायनर मात्र फेकून द्यावा, तो धुऊन सुधारत नाही. ड्रममधली भुकटी हवेच्या नळीने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात जातं. ओल्या फडक्याने पुसा. आणि चाक बसवताना आसाचा नट घट्ट करण्याआधी ब्रेक दाबून धरा, म्हणजे शू ड्रमच्या मध्याशी येतात. एवढ्या साध्या गोष्टीने पेडलचा पोचटपणा कमी झालेला मी पाहिला आहे.

आता पुन्हा घाट. गाडी आणि दोन माणसं मिळून 330 किलो, उतार 300 मीटरचा. खाली येईपर्यंत साधारण पावणेदहा लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्यात 3 लिटर गार पाण्याला उकळी येईल. इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये उतरणारे त्यातला बहुतांश भाग ब्रेकवर घालतात. ड्रम तापला की प्रसरण पावतो: 153 मिलिमीटरचा बिडाचा ड्रम 150 अंशांनी तापला, तर व्यास पाव मिलिमीटरने वाढतो. तो शूपासून दूर जातो, म्हणून पेडल जास्त खाली जातं. लायनर फार तापला तर त्याची पकडही सुटते. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरलं, तर ऊर्जेचा मोठा वाटा इंजिन घेतं. घाटातच पेडल खोल गेलं म्हणून तिथे थांबून नट आवळू नका. ड्रम थंड झाला की आकसतो, आवळलेले शू त्याला घासत राहतात, पुन्हा तापतात आणि घाटाखालची वैभववाडी यायच्या आत हबवर हात ठेवता येत नाही. नट फिरवायचा तो थंड चाकावर, गाडी मेन स्टँडला लावून, चाक हाताने मोकळं फिरतंय हे बघून.