धुराचं पाणी: पाताळयंत्र ते लाकडी व्हिनेगर

कोळसाभट्टीच्या वाऱ्याला कधी उभं राहिला असाल, तर लाकडी व्हिनेगरचा वास तुम्हाला ठाऊक आहे. मातीने लिंपलेल्या भट्टीत हवा कोंडली की लाकूड पेटत नाही, नुसतं भाजतं. तो धूर नळीतून थंड केला की तांबूस, आंबट पाणी ठिबकतं. गोठा किंवा खुराडं धुवायला आता सुचवलं जातं ते हेच. त्यात बहुतांश पाणीच. जंतूंवर चालतं ते ॲसिटिक आम्ल आणि फिनॉलवर्गी संयुगं.

युक्ती आपल्याला नवी नाही. बिब्ब्याचं तेल काढायचं पाताळयंत्र आठवा: खड्ड्यात वाटी, तिच्यावर बुडाला भोकं पाडलेलं मडकं, वरून गोवऱ्यांचा जाळ. नायट्यावर लावायचं नारळाच्या नरोटीचं काळं तेलही याच जातीचं. आमच्या आजीच्या हातचं ते तेल असं काही झोंबायचं की पोरं वाटी पाहूनच पळत.

युरोपात सतराव्या शतकात ग्लाउबर या रसायनतज्ज्ञाने या धुराच्या आम्लाचं व्हिनेगरशी नातं ओळखलं. 1832 मध्ये रायखेनबाख या रसायनतज्ज्ञाने बीच झाडाच्या लाकडाच्या डांबरातून क्रिओसोट हे जंतुनाशक तेल काढलं. पण 1865 मध्ये ग्लासगोत लिस्टर या शल्यवैद्याने जखमेवर कार्बोलिक आम्ल (म्हणजे फिनॉल) वापरलं, ते दगडी कोळशाच्या डांबरातलं. तिथून जंतुनाशकांनी लाकूड सोडलं. दवाखान्यात पुसायचं काळं फिनाईल त्याच घराण्यातलं, म्हणून त्याचा वास भट्टीच्या वासाशी जुळतो.

1923 मध्ये भद्रावतीला (कर्नाटकातलं, आपलं चंद्रपूरचं नव्हे) लोखंडाच्या कारखान्यासोबत लाकडाचं ऊर्ध्वपातनही (लाकूड कोंडून भाजून त्याच्या वाफा थंड करणं) सुरू झालं होतं. पुढे दगडी कोळसा, नैसर्गिक वायू अशा कच्च्या मालापासून ॲसिटिक आम्ल आणि मिथेनॉल स्वस्तात होऊ लागलं, आणि जगभर हा धंदा बसला. जपानमधल्या कोळसेवाल्यांनी मात्र 'मोकुसाकू' या नावाने हे पाणी शेतीत टिकवलं.

आपल्याकडे पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) वेचणीनंतर शेताच्या धुऱ्यावर पेटवली जाते; ठेवली तर बोंडअळीला आसरा. तीच बंद ड्रममध्ये भाजली तर कोळसाही मिळतो आणि हे पाणीही.

पण 'झाडाचं आहे, बाधणार नाही' हे बिबा उतून फोड आलेल्या माणसाला सांगून पाहा. ताज्या पाण्यात डांबर असतं, थोडं मिथेनॉलही. म्हणून ते महिनोन्‌महिने निवळत ठेवतात. डांबर तळाला बसतं, तेलकट साय वर येते, आणि वापरायचं ते मधलं, तेही पाणी घालून. लाकूड बदललं, आच बदलली की त्याचा जोरही बदलतो. गोठ्याच्या फरशीला ते चालेल. उघड्या जखमेला नाही.